चर्च बंद असताना : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

४ एप्रिल २०२१ला, नेमकी ईस्टरच्या दिवशी, कोविडमुळे महाराष्ट्र सरकारची घोषणा झाली आणि ५ तारखेला रात्री आठपासून राज्यातली प्रार्थनास्थळं भाविकांसाठी पुन्हा बंद झाली. २०२०मध्ये मार्चपासून १६ नोव्हेंबरपर्यंत हे आपण एकदा सोसलं होतं. आदेशाप्रमाणे फादर आणि चर्चची नित्य सेवा करणारी माणसं आत आपलं काम करू शकत होती, बाकी कुणाला आत जाता येत नव्हतं. म्हणजे मिस्सा (भाकर-द्राक्षारसाची मुख्य उपासना) रोज होई, बाकं रिकामी असत. वसईच्या धर्मग्रामांतून (एकेका चर्चच्या वस्त्यांतून) आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न जुलै २०२१च्या अंकात घेतले होते. एकाच विषयावरचे प्रश्न एकत्र केले आहेत.

रविवारी आम्ही यूट्यूबवर मिस्सा बघतो. मुलं चहाचे कप घेऊन बसतात, माझी मधेच भाजी निवडून होते. असं बघितलेलं चालतं का? रविवारचं बंधन पूर्ण होतं का? (वटार)

आधी बंधनाचं बघू. २०२१मध्ये चर्चचं दारच बंद होतं आणि बिशपांनी रविवारच्या मिस्सातून सूट दिली होती, तेव्हा न गेल्याचं पाप तुमच्या माथी नाही. तो भार मनावरून उतरवा. पण मग यूट्यूबवर बघितल्यानं बंधन 'पूर्ण' होतं असंही नाही, कारण जे बंधन तेव्हा लागूच नव्हतं ते पूर्ण कसं होणार? चर्चचा कायदा अशा वेळी वेगळंच सुचवतो. कॅनन १२४८ सांगतो की गंभीर कारणानं मिस्साला जाता येत नसेल, तर विश्वासूंनी शब्दविधीत (बायबलवाचनाच्या उपासनेत) भाग घ्यावा किंवा एकट्यानं, कुटुंबानं वा काही कुटुंबांनी मिळून प्रार्थनेत योग्य तेवढा वेळ घालवावा. त्यात पडद्याचा उल्लेख नाही, घराचा आहे.

म्हणून आमचा आग्रह असा, की रविवारी आधी घरची उपासना करा आणि मिस्साचं थेट प्रक्षेपण तिच्या जोडीला ठेवा. पस्तीस-चाळीस मिनिटं पुरतात. शनिवारी रात्रीच वाचनं वाटून द्या. पहिलं एकाला, स्तोत्र दुसऱ्याला, दुसरं वाचन तिसऱ्याला, शुभवर्तमान घरातल्या मोठ्या माणसाला. ज्याला जे वाचायचं आहे त्यानं ते आदल्या दिवशी दोनदा मोठ्यानं वाचावं. बहुतेक घरांत गाडी इथेच अडते. नवव्या वर्षाच्या मुलाच्या हातात ऐनवेळी पौलाचं पत्र दिलं की ते चौथ्या ओळीला अडखळतं, भावंडं हसतात आणि पुढच्या रविवारी ते वाचायलाच तयार होत नाही. दुसरी चूक म्हणजे मोबाईलमधून वाचणं. शुभवर्तमान चालू असताना वर मेसेज येतो आणि वाचणाऱ्याचा डोळा तिकडे जातो. छापील बायबल घ्या आणि पानात खूण घालून ठेवा.

बैठकीच्या खोलीत ऑल्टरजवळ (घरच्या देव्हाऱ्याजवळ) टेबल ठेवा. त्यावर धुतलेलं पांढरं कापड, क्रूस, उघडलेलं बायबल आणि एक मेणबत्ती. पंखा जरा कमी ठेवा, नाहीतर सगळा वेळ मेणबत्ती पेटवण्यात जातो. क्रूसाची खूण, गीत, पश्चात्तापाची प्रार्थना, वाचनं. शुभवर्तमानाला उभं राहा. त्यानंतर घड्याळ लावून दोन मिनिटं गप्प बसा. पहिल्या रविवारी ही दोन मिनिटं सरता सरत नाहीत, चौथ्या रविवारी कमी पडतात. मग प्रत्येकानं आपल्याला लागलेलं एकच वाक्य सांगावं. बाबांनी इथे प्रवचन करू नये. विश्वासूंच्या प्रार्थना मिस्सातल्याच क्रमानं घ्या, आधी ख्रिस्तसभा, मग राज्यकर्ते आणि जग, मग दुःखी-आजारी, शेवटी आपली वाडी. बहुतेक घरांत सुरुवात आपल्या दुखण्यापासून होते आणि तिथेच संपते, म्हणून क्रम पाळणं महत्त्वाचं. शेवटी प्रभूची प्रार्थना, एकमेकांना नमस्कार करून शांतिदान आणि गीत.

जुलै २०२१मधली वाचनं मुद्दाम बघा. २५ जुलैपासून रविवारी मार्कचं शुभवर्तमान बाजूला राहिलं आणि योहानाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय सुरू झाला, पाच भाकरी नि दोन मासे, 'मी जीवनाची भाकर आहे'. १५ ऑगस्टचा रविवार पवित्र मारियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण असल्यानं तेवढा खंड पडला, नंतर २२ तारखेला हा अध्याय पुरा झाला. महिनोन्महिने ख्रिस्तप्रसाद (मिस्सात पवित्र झालेली भाकर) न मिळालेल्या घरानं हा अध्याय ओळ न ओळ वाचावा.

आता प्रक्षेपण. ते थेट असावं, रात्री सवडीनं लावलेलं रेकॉर्डिंग नव्हे. २०२०च्या पवित्र सप्ताहासाठी व्हॅटिकननं जी सूचना काढली तिच्यातही प्रक्षेपण थेट असावं, रेकॉर्ड केलेलं नको, असंच म्हटलं होतं. मिस्सा आत्ता होते आहे आणि तुम्ही आत्ता तिच्याशी मन जोडता, यात अर्थ आहे. घरात एकच पडदा लावा. दोन फोनांवर लावलं तर एक दुसऱ्याच्या अर्धा मिनिट मागे असतो आणि 'आमेन' दोनदा ऐकू येतं. उठण्याबसण्याच्या वेळी उठा-बसा, उत्तरं मोठ्यानं द्या. चहा आधी घ्या, भाजी नंतर निवडा.

एका घरी मिस्साच्या वेळी टीव्हीसमोर ब्रेडचे तुकडे ठेवतात आणि फादरांनी शब्द उच्चारल्यावर खातात. हे बरोबर आहे का? आणि फादर होस्ट (ख्रिस्तप्रसादाची पातळ चकती) डब्यातून घरी नेऊ देतील का? (गास)

दोन्ही नाही. पडद्यासमोरचा ब्रेड ब्रेडच राहतो. मिस्सात धर्मगुरूच्या समोर वेदीवर असलेली, ज्यांच्यावर अर्पण करण्याचा त्याचा हेतू आहे तीच भाकर आणि तोच द्राक्षारस पवित्र होतात. त्या घराची ओढ खरी आहे, म्हणून त्यांना कुणी हसू नये. त्यांना आध्यात्मिक ख्रिस्तप्रसादाची वाट दाखवावी. तिच्यात तीन गोष्टी आहेत. प्रभू प्रसादात खरोखर आहे असा विश्वास बोलून दाखवायचा, आज तुला प्रत्यक्ष स्वीकारता येत नाही पण माझी तहान आहे हे सांगायचं, आणि 'माझ्या अंतःकरणात ये' अशी विनंती करून थोडा वेळ शांत बसायचं. छापील प्रार्थना नसली तरी बिघडत नाही, स्वतःच्या शब्दांत म्हणा.

डब्यातून नेण्याची मुभा फादर देणार नाहीत. रिक्षात, पिशवीत, फ्रिजवर ठेवलेल्या डब्यात पवित्र प्रसादाची हेळसांड होते आणि ती कुणाच्या लक्षातही येत नाही. पण घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर मात्र फादरांना फोन जरूर करा. फोनवर नेमकं सांगा : वय, आजार, गिळता येतं की नाही, घरात कुणाला ताप-खोकला आहे का. गिळणं कठीण असेल तर होस्टचा अगदी लहान तुकडा चमचाभर पाण्याबरोबर देता येतो. टेबलावर पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती आणि पाण्याचा पेला तयार ठेवा. एक तासाच्या उपवासाचा नियम आजाऱ्यांना, वृद्धांना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना लागू नाही.

फोनवरून किंवा व्हिडिओ कॉलवर कन्फेशन (धर्मगुरूंपुढे पापांची कबुली) करता येईल का? (नंदाखाल)

नाही. संस्काराला माणसाची माणसासमोर उपस्थिती लागते. शिवाय फोनवरचं बोलणं कुणाच्या कानी जाईल याची खात्री नसते. फादरांशी फोनवर मन मोकळं करा, सल्ला घ्या, पण पापमुक्तीचे शब्द तिथे लागू होत नाहीत.

मग मनावर मोठं पाप असेल तर? धर्मशिक्षणाच्या पुस्तकात हा भाग आपण शिकलो आहोत, फक्त विसरलो आहोत. शिक्षेच्या भीतीनं नव्हे तर देवावरच्या प्रेमापोटी झालेला पश्चात्ताप, आणि शक्य होईल तितक्या लवकर कन्फेशन करण्याचा पक्का निश्चय, या दोन्ही गोष्टी असतील तर मोठ्या पापाचीही क्षमा मिळते. निश्चय मात्र खरा हवा. चर्च उघडल्यावर सहा महिने टाळाटाळ करायची असेल तर तो निश्चय नव्हे.

प्रत्यक्ष कन्फेशनही अगदीच अशक्य नाही. २०२०मध्ये व्हॅटिकनकडून आलेल्या सूचनेत कन्फेशनलबाहेर (कबुलीच्या कोठडीबाहेर), हवेशीर जागी, अंतर ठेवून आणि मास्क लावून हा संस्कार देण्याची वाट मोकळी ठेवली होती. फादरांना वेळ विचारा. दोन खुर्च्या एकमेकींकडे तोंड करून न ठेवता काटकोनात ठेवा, म्हणजे श्वास थेट समोर येत नाही आणि आवाजही चढवावा लागत नाही. ऐकणारा कुणी जवळ नसावा.

सून आठव्या महिन्यात बाळंत झाली, बाळ काचेच्या पेटीत आहे. फादरांना आत सोडत नाहीत. डॉक्टरांनी आशा धरू नका म्हटलं तर काय करायचं? (उमेळा)

हे उत्तर कापून ठेवा आणि घरात गरोदर बाई असेल तर आधीच वाचून घ्या. असे प्रश्न रात्री दोन वाजता पडतात.

बाळाच्या जिवाला धोका असेल तर बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतं. आई, बाप, नर्स, डॉक्टर, अगदी ख्रिस्ती नसलेली व्यक्तीसुद्धा. तिच्या मनात 'चर्च जे करते ते मला करायचं आहे' एवढा हेतू हवा. म्हणजे आत ड्युटीवर असलेल्या नर्सला तुम्ही समजावून विनंती करू शकता.

पाणी साधं, स्वच्छ, कोमट. वॉर्डातलं निर्जंतुक पाणी उत्तम. तीर्थाचं पाणी असलंच पाहिजे असं नाही. ५ मिलीच्या सिरिंजमध्ये, सुई काढून, पाणी भरा. बाळाच्या कपाळावर किंवा डोक्यावर थोडं थोडं तीन वेळा सोडा, खाली कापसाचा बोळा धरा. पाणी सोडता सोडताच म्हणायचं :

'(नाव), मी तुला पित्याच्या, आणि पुत्राच्या, आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो.'

बाई असेल तर 'देते'. पित्याच्या नावाला पहिली धार, पुत्राच्या नावाला दुसरी, पवित्र आत्म्याच्या नावाला तिसरी. बस, बाप्तिस्मा झाला. नाव ठरलं नसेल तर नावावाचून थांबू नका.

चुका कुठे होतात ते नीट बघा. ओल्या बोटानं किंवा ओल्या कापसानं कपाळ नुसतं पुसलं तर शंका राहते. पाणी कातडीवरून वाहिलं पाहिजे, दोन थेंब का असेना. टोपीवर किंवा दुपट्यावर पडलेलं पाणी उपयोगाचं नाही. पाणी एकानं घालायचं आणि शब्द दुसऱ्यानं म्हणायचे, हेही चालत नाही. व्हिडिओ कॉलवर फादर शब्द म्हणताहेत आणि नर्स पाणी घालते आहे असं कुठे होत असेल तर ते थांबवा. नर्सनंच दोन्ही करायचं, फादरांनी फोनवर तिला शब्द सांगितले तरी हरकत नाही. आणि 'मी'च म्हणायचं, 'आम्ही' नाही. 'आम्ही तुला बाप्तिस्मा देतो' असं म्हटलेला बाप्तिस्मा ग्राह्य नाही, असा खुलासा व्हॅटिकननं ६ ऑगस्ट २०२०ला केला आहे.

जमलं तर एक साक्षीदार ठेवा. कागदावर लिहून घ्या : बाळाचं नाव, आईवडिलांची नावं, तारीख, वेळ, हॉस्पिटल, पाणी कुणी घातलं, कोण साक्षी होतं. हा कागद आपल्या धर्मग्रामाच्या ऑफिसात पोचवा. ही पायरी राहून जाते, आणि वीस वर्षांनी लग्नासाठी दाखला काढायला गेलं की वहीत नोंदच सापडत नाही.

बाळ सुखरूप घरी आलं, आणि येवो अशीच आमची प्रार्थना आहे, तर पुन्हा बाप्तिस्मा देत नाहीत. चर्च उघडल्यावर तेलाचं मर्दन, पांढरं वस्त्र, पेटती मेणबत्ती आणि धर्ममाता-धर्मपित्यांची वचनं हे राहिलेले विधी पूर्ण केले जातात.

बाळ ठणठणीत असेल तर मात्र घरी स्वतःहून बाप्तिस्मा उरकू नका. फादरांना विचारा, मोजक्या माणसांत तारीख मिळू शकते.

वडील कोविड वॉर्डात होते, तैलाभ्यंग न मिळताच गेले. त्यांचं काय? आणि आता आई ॲडमिट आहे, तिच्यासाठी आम्ही घरचे तेल लावू शकतो का? (निर्मळ)

तैलाभ्यंग संस्कार फक्त धर्मगुरू देऊ शकतात. घरच्यांनी संस्कार म्हणून तेल लावू नये. फादरांना मात्र आईला दाखल केल्या दिवशीच कळवा, व्हेंटिलेटर लावल्यावर नव्हे. हा संस्कार फक्त शेवटच्या घटकेचा नाही, गंभीर आजारात तो आधीच घ्यायचा असतो. ११ जुलै २०२१च्या शुभवर्तमानात येशूचे बारा शिष्य पुष्कळ आजाऱ्यांना तेल लावून बरं करतात, ते वाचा. वॉर्डात जाण्याची परवानगी मिळाली तर फादर हातमोजे घालून किंवा कापसाच्या बोळ्यानं तेल लावतात. गंभीर कारण असेल तर हाताऐवजी साधन वापरायला चर्चचा कायदा परवानगी देतो. तो बोळा नंतर जाळायचा असतो, पण वॉर्डाच्या नियमाप्रमाणे त्यांच्याच पिशवीत टाकावा लागला तर वाद घालू नका.

परवानगी नाहीच मिळाली तर आईच्या उशाशी लहान क्रूस आणि जपमाळ पाठवा, दोन्ही प्लॅस्टिकची असावीत म्हणजे पुसता येतात. नर्सला फोन आईच्या कानाशी धरायला सांगा आणि पश्चात्तापाची प्रार्थना तुम्ही सावकाश म्हणा. बेशुद्ध माणसाला ऐकू येत नाही असं धरून चालू नका.

वडिलांबद्दल. मार्च २०२०मध्ये व्हॅटिकननं याच महासाथीसाठी आदेश काढला. ज्याला तैलाभ्यंग आणि शेवटचा ख्रिस्तप्रसाद मिळू शकला नाही, अशा माणसाला मरणघटकेला पूर्ण दंडविमोचन (पापाच्या उरलेल्या शिक्षेची माफी) लाभतं, त्याचं मन त्यासाठी तयार असावं आणि त्यानं आयुष्यात थोडीफार प्रार्थना केलेली असावी, एवढीच अपेक्षा. रोज जपमाळ करणाऱ्या तुमच्या वडिलांना चर्चनं वाऱ्यावर सोडलेलं नाही.

काकांना दफन करायला मिळालं नाही, दहन करावं लागलं. अस्थी घरात ऑल्टरखाली ठेवल्या आहेत. समुद्रात सोडाव्यात असं काहीजण म्हणतात. (आगाशी)

दहनाला चर्चनं १९६३ साली परवानगी दिली. श्रद्धेविरुद्धच्या कारणानं ते निवडलेलं नसेल तर त्यात दोष नाही, आणि काकांच्या बाबतीत तर तुम्ही निवडलंच नव्हतं. पण अस्थी घरी ठेवायच्या नाहीत, वाटून घ्यायच्या नाहीत, समुद्रात वा वाऱ्यावर सोडायच्या नाहीत, हे २०१६च्या सूचनेत स्पष्ट आहे. जे देहाचं तेच अस्थींचं, त्यांना पवित्र भूमीत जागा हवी, नाव हवं, जिथे नोव्हेंबरात जाऊन मेणबत्ती लावता येईल.

झाकण घट्ट बसणाऱ्या भांड्यात अस्थी भरा. बाहेरून आणि आतून, दोन्हीकडे नाव व तारीख असलेली पट्टी ठेवा. आतली पट्टी स्टीलवर कोरून घ्या, कागद पावसाळ्यात विरघळतो. कुटुंबाची कबर असेल तर फादरांना विचारून तिच्यातच पुरता येतं. मृत्यूचा दाखला सोबत न्या, म्हणजे धर्मग्रामाच्या मृत्यूच्या वहीत नोंद होईल. अंत्यविधीला २०२१मध्ये २० माणसांची मर्यादा होती, ती इथेही पाळायची होती. सातव्या दिवसाची, महिन्याची मिस्सा राहून गेली असेल तर आता सांगितली तरी चालते, उशीर झाला म्हणून तिचं मोल कमी होत नाही.

मी सॅक्रिस्टन (चर्चची वस्त्रं-भांडी सांभाळणारा) आहे. गेल्या पावसाळ्यात बंद चर्चमध्ये वस्त्रांना बुरशी आली, चांदीची जर काळी पडली, होस्ट मऊ झाले. या वेळी काय करू? (मुळगाव)

लोक येत नाहीत म्हणून इमारत विश्रांती घेत नाही. माणसांनी भरलेल्या चर्चमध्ये दारं उघडतात, पंखे फिरतात. ते थांबलं की वसईची ओल सगळीकडे शिरते.

पवित्र न केलेले होस्ट हवाबंद स्टीलच्या डब्यात ठेवा, तळाशी सिलिका जेलची पुडी आणि तिच्यावर जाळी, म्हणजे होस्टना ती लागणार नाही. साठा दोन आठवड्यांपेक्षा जास्त आणू नका. होस्ट मोडताना कट् आवाज झाला पाहिजे, वाकला तर बाजूला काढा. टॅबरनॅकलमध्येही (पवित्र झालेले होस्ट ठेवण्याच्या पेटीतही) या दिवसांत मोजकेच होस्ट असावेत आणि फादरांनी दर आठवड्याला बदलावेत. त्यात कधी बुरशी दिसली तर तुम्ही हात लावू नका, फादरांना सांगा. ते पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत ठेवून ते पाणी सॅक्रिस्टीतल्या खास मोरीत किंवा पायदळी येणार नाही अशा मातीत ओततात. द्राक्षारसाच्या लहान बाटल्या घ्या. माणसं नसल्यानं मोठी बाटली उघडून आठवडाभर पडते आणि आंबते, आणि आंबून व्हिनेगर झालेला रस मिस्साला चालत नाही.

वस्त्रांच्या कपाटातल्या डांबरगोळ्या काढा. त्या जरीला लागून राहिल्या तर जर काळी पडू शकते. त्याजागी धुतलेल्या मलमलीत बांधलेला वाळका कडुनिंब ठेवा. प्रत्येक वस्त्र मलमलीत गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आत घाम धरतो. महिन्यातून एकदा उघडून घडी बदला, नाहीतर जुनं रेशीम घडीवर चिरतं. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. बुरशी आलेलं वस्त्र आधी सावलीत पूर्ण वाळवा, मग बाहेर नेऊन मऊ ब्रशनं झटका, नाका-तोंडाला मास्क लावून. ओलं असताना पुसलं की डाग आत बसतो.

खिडक्या कधी उघडायच्या हा कळीचा मुद्दा आहे. पाऊस पडत असताना 'हवा खेळू दे' म्हणून उघडल्या तर बाहेरची ओल आत येते. ऊन पडलं की दहा ते चारच्या दरम्यान समोरासमोरच्या खिडक्या तासभर उघडा आणि पंखे लावा. सोनेरी मुलाम्याच्या लाकडी ऑल्टरवर ओलं फडकं कधीच नाही, कोरडा मऊ ब्रश. सॅनिटायझर बाकांवर फवारू नका, पॉलिश विरघळतं आणि पांढरे चट्टे पडतात. ब्लीचनं पितळेची मेणबत्तीदानं खराब होतात. बाकांना साबणाचं पाणी आणि लगेच कोरडं फडकं पुरतं.

वाळवीसाठी ऑल्टरचा पाया, कन्फेशनल आणि दारांच्या चौकटी दर आठवड्याला टॉर्च लावून बघा. मातीची नळी दिसली तर बोटभर मोडा आणि दोन दिवसांनी पुन्हा बघा. नळी बुजवलेली दिसली तर वाळवी जिवंत आहे, कीटकनाशकवाल्याला बोलवा. दाराजवळची तीर्थाची भांडी रिकामी करून कोरडी ठेवा, नाहीतर त्यांत डासांची अंडी होतात. फुलदाण्यांचंही तेच. मायक्रोफोनमधले सेल काढा, ॲम्प्लिफायर आठवड्यातून अर्धा तास चालू ठेवा.

नोंदवह्यांबद्दल एकच विनंती. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. काही वर्षांत ती पिवळी पडून अक्षरं घेऊन निघते. ओल लागलेलं पान उन्हात न ठेवता पंख्याखाली वाळवा आणि फोटो काढून ठेवा. टॅबरनॅकलसमोरचा दिवा विझवायचा नाही. रात्री चर्चमध्ये कुणी नसतं, म्हणून तो वाळू भरलेल्या पितळी ताटात ठेवा.

आमच्या मिस्साच्या प्रक्षेपणात आवाज घुमतो, नाहीतर फुटतो. (भुईगावचे तरुण)

घुमतो कारण फोन चर्चच्या मागे उभा असतो आणि त्याचा माइक रिकाम्या भिंतींचे पडसाद घेतो. फुटतो कारण मिक्सरची वायर तुम्ही सरळ फोनच्या हेडफोनच्या छिद्रात घातली असणार. तिथे माइकचा क्षीण आवाज अपेक्षित असतो, मिक्सरचा त्याच्या कितीतरी पट मोठा येतो. मिक्सरच्या 'ऑक्स' किंवा 'रेकॉर्ड' आउटमधून यूएसबी ऑडिओ इंटरफेसला आणि तिथून लॅपटॉपला जोडा. चित्र ७२० पी पुरे, त्यासाठी अपलोडचा वेग किमान ५ एमबीपीएस ठेवा. डाउनलोडचा आकडा बघून फसू नका. राउटर आणि लॅपटॉप दोन्ही इन्व्हर्टरवर हवेत, पावसात वीज जाते तेव्हा लॅपटॉप चालू राहतो आणि राउटर मरतो. फोननंच प्रक्षेपण करत असाल तर एअरप्लेन मोड लावून वाय-फाय चालू करा, नाहीतर ऐन प्रतिष्ठापनेच्या (भाकर-द्राक्षारस पवित्र होण्याच्या) वेळी कुणाचा तरी फोन येतो. पार्श्वसंगीताच्या तयार ट्रॅकवर गाऊ नका, आवाज बंद केला जातो. एक गायक आणि एक पेटी पुरेशी आहे.

एकाच मिस्सात २०-२५ मृतांची नावं वाचतात. आम्ही तर वेगळी मिस्सा सांगितली होती. (गिरीज)

तुमची तक्रार रास्त आहे. वेगळ्या हेतूसाठी घेतलेलं अर्पण (मिस्सासाठी दिलेले पैसे) वेगळ्या मिस्सासाठीच असतं. एकत्रित मिस्सा चालते, पण लोकांना आधी सांगून त्यांची संमती घ्यावी लागते, २०२१च्या नियमाप्रमाणे दिवस-वेळ जाहीर करावी लागत होती, आठवड्यातून दोनपेक्षा जास्त दिवस तसं करता येत नव्हतं, आणि फादर त्यातलं एकाच मिस्साचं अर्पण स्वतःकडे ठेवतात. ऑफिसात शांतपणे विचारा. बहुतेक वेळा ऑनलाइन पैसे भरताना 'एकत्रित' हा पर्याय निवडला गेलेला असतो.

लोकच येत नाहीत, तर घंटा वाजवावी का? शेजारी नवीन इमारती झाल्या आहेत. (तरखड)

वाजवावी. आंजेलसची (मारियेच्या प्रार्थनेची) सकाळी, दुपारी बाराला आणि संध्याकाळी, तीन-तीन-तीन ठोके आणि मग नऊ. शेवटच्या नऊ ठोक्यांत वेग वाढवू नका, घरात उभी राहिलेली म्हातारी माणसं त्या तालावर 'नमो मारिया' म्हणतात. मिस्सात प्रतिष्ठापनेच्या वेळी मोठी घंटाही तीनदा द्या, ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांना कळतं की आता वेदीवर काय चाललं आहे. नवीन इमारतींत एकदा जाऊन वेळा सांगून या, न सांगता वाजली की ती त्रासाची वाटते. सुती दोर पावसात फुगून कप्पीत अडकतो, म्हणून ऑगस्ट संपेपर्यंत नायलॉनचा लावा आणि दर शनिवारी गाठ तपासा.